ताकाचा बंगला, फरश्यांची चौकी

रुद्रेशची शिवानी बारावीला बसली, त्या सालची ही गोष्ट. शिवानीचं साल नहरगावात कुणाला आठवावं लागत नाही. तिचं बारसं झालं, तिनं मान धरली न धरली तोच भूकंप झाला. त्यामुळं पोरीचं वय विचारलं की म्हातारी माणसं भूकंपापासून मोजतात, आणि भूकंपाला किती वर्षं झाली असं विचारलं की शिवानी कितवीत आहे ते बघतात.

शिवानी लातूरला आईबापाजवळ राहून क्लासला जायची. तिची आजी मल्लम्मा आणि आजोबा बसवंत मात्र नहरगावला, कालव्यावरच्या चौकीत.

किल्लारीहून जीपमध्ये बसलं, गुडघे शेजाऱ्याच्या बरगडीत घातले, की अर्ध्या-पाऊण तासात नहरगाव येतं. निजामाच्या राज्यात इथून एक कालवा काढला, त्यांच्या भाषेत नहर. गावाचं मूळ नाव काहीतरी दुसरंच होतं, पण पाणी आलं तसं लोक नहरगाव म्हणायला लागले, आणि पुढं पाणी गेलं तरी नाव राहिलं. कालव्याबरोबर चार बांधकामं झाली. साहेबाच्या मुक्कामाला डाकबंगला, पाणीपट्टी वसुलीची कचेरी, ओढ्यावरून पाणी पलीकडं नेणारा कमानींचा पूल, आणि जिथून पाणी सोडायचं त्या लोखंडी दरवाजावर एक दगडी चौकी. भूकंपात डाकबंगला बसला, कचेरी आडवी झाली, पुलाच्या दोन कमानी ओढ्यात गेल्या. चौकीचा एक चिराही सरकला नाही.

गाव वरच्या माळावर गेलं. सरळ रेषेत, नंबर टाकलेली घरं. खाली कालव्यावर राहिले ते बसवंत आणि मल्लम्मा. बसवंत पाटकरी होता, म्हणजे कालव्याचा दरवाजा उघडायचा आणि झाकायचा माणूस. पुढं कालवा कोरडा पडत गेला, बसवंत रिटायर झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि चौकी खाली करा असंही कुणी म्हटलं नाही. पाटबंधारे खात्याला चौकीचा विसर पडला होता. मल्लम्मा रोज लिंगपूजेला बसली की देवाकडं एवढंच मागायची, की तो विसर असाच राहू दे.

कारण मल्लम्माला दुसरीकडं झोप लागत नव्हती.

भूकंपाच्या रात्री ती चौकीत होती ती नवऱ्याला पकडायला म्हणून. गणपती बुडवून झाले होते. बसवंत "दरवाजावर पाणी वाढलंय" म्हणून घरातून निघाला. पाणी वाढलं नव्हतं, पत्ते वाटले होते, हे मल्लम्माला ठाऊक होतं. ती मागोमाग गेली, तर कंदिलापुढं बसवंत आणि जिलानी मिस्त्री. भांडण चांगलं रंगलं. जिलानी चपला हातात घेऊन पळाला. मल्लम्मा रागानं तिथंच भिंतीकडं तोंड करून निजली. पहाटे जमीन हलली. चौकीचं छत एकदा कण्हलं आणि जागच्या जागी राहिलं. गावातलं त्यांचं घर बसलं. रुद्रेश, सून आणि तान्ही शिवानी सुनेच्या माहेरी होते, घरात एकटी सासू होती. ती सकाळी मातीखाली सापडली.

त्यानंतर मल्लम्माचं आणि छपरांचं कधी जमलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ती जागी, पुनर्वसनाच्या घरात जागी, उदगीरला बहिणीकडं गेली तर अंगणात. पुनर्वसनातलं घर पुढं रुद्रेशनं विकलं आणि लातुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सुनेनं हौसेनं बोलावलं. मल्लम्मा गेली, आणि पहिल्याच रात्री खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या बायकोशेजारी जाऊन बसली.

"अव्वा, वर ये ना. लोक काय म्हणतील?" रुद्रेश म्हणाला.

"वर काय येऊ? आपल्या डोक्यावर चौथा मजला, त्याच्यावर पाण्याची टाकी, टाकीवर देव. येवढं सगळं माज्या छातीवर कशापायी?"

चौथ्या दिवशी ती नहरगावला परत आली, चौकीत आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. बसवंतनं मध्ये दोनदा नाकापुढं हात धरून श्वास बघितला होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शेषेराव सरांना गावाची आठवण झाली.

शेषेराव हे गावच्याच किशनरावांचे चिरंजीव. लातुरात फिजिक्सचे सर. क्लासची तीन मजली इमारत, आणि बाहेरच्या फ्लेक्सवर पहिल्या आलेल्या पोरांपेक्षा सरांचाच फोटो मोठा. आईबापांना हात जोडून उभं राहायला लावणारा माणूस. तो पांढऱ्या गाडीतून उतरला, पारावर माईक लावला आणि सांगितलं की नहरगाव आता 'कालवाकालीन वारसा गाव' होणार.

"पडलेली तिन्ही बांधकामं पुन्हा उभी करायची. सरकारची समिती पाहणीला येणार. पसंत पडलं की फलक लागेल, रस्ता होईल, सहली येतील. माझीच हजारो पोरं रविवारी इथं आणीन. आता पाहणी म्हणजे काय?"

सरांनी माईकवर दोनदा टिचकी मारली.

"पाहणी म्हणजे परीक्षा! आणि परीक्षा म्हटली की कोण?"

"लातूर!" सगळा पार ओरडला. नहरगावात एवढं एकमत ग्रामपंचायत झाल्यापासून झालं नव्हतं.

मग सरांनी एकेका बांधकामाचं ठरवलं. डाकबंगला जिलानी मिस्त्रीनं पुन्हा बांधायचा. पुलाच्या कमानी चढवायच्या. कचेरीचा ओटा करायचा. "आणि चौकीचं संग्रहालय. जुने नांगर, मोटा, कंदील, सगळं तिथं ठेवू. बसवंतअप्पा, तुमची लातूरला सोय आहेच. रुद्रेशशी बोललोय मी. खूश झाला."

बसवंतनं मान डोलवली. माईकवरून कुणी नाव घेतलं की तो मान डोलवायचाच. मल्लम्मा बायकांत मागं बसली होती. तिच्या हातातली सुपारी तोंडात गेलीच नाही.

घरी येताना ती म्हणाली, "मान कामून डोलवली तुमी?"

"शेषेराव साऱ्या गावापुढं बोलायले होते. न्हाई कसं म्हणावं?"

"पत्त्यात हरताना बरं न्हाई म्हणता येतं!"

बसवंत दरवाजाच्या चाकाला ग्रीस लावायला गेला. काही सुचलं नाही की तो ग्रीस लावायचा. त्यामुळं कालव्यात पाणी नसलं तरी दरवाजा लोण्यासारखा फिरायचा.

पुढच्या रविवारपासून तयारी सुरू झाली. सरांना परीक्षा एकाच पद्धतीनं ठाऊक होती. त्यांनी गावासाठी प्रश्नसंच काढला. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डाकबंगला कधी बांधला? कालव्याची लांबी किती? पुलाला कमानी किती? अक्षर येणाऱ्यानं वाचायचं, न येणाऱ्याला सर माईकवरून सांगणार. साक्षरतेच्या वर्गाला ज्यांनी कंदील विझवून पळ काढला होता, ती माणसं आता अ, ब, क, ड गिरवायला लागली.

"उत्तर डोक्यात ठेवू नका," सर सांगायचे. "डोकं ऐनवेळी दगा देतं. पर्याय पाठ करा. पहिला ब, दुसरा ड, तिसरा क. आणि चुकलं तर गुण वजा!"

वजा गुणाची लोकांनी धास्ती घेतली. सिद्रामप्पा म्हणून ऐंशीच्या पुढचा म्हातारा होता. त्यानं डाकबंगल्यात साहेबाचे घोडे धुतले होते, साहेबाच्या मडमेला विंचू चावला तेव्हा तो तिथं होता. पण आता त्याला बंगल्याचं काही विचारलं की तो डोळे मिटून "क" म्हणायचा. सराव परीक्षेत तो गावात पहिला आला. पारावर फ्लेक्स लागला, वर सर, खाली सिद्रामप्पा, फेट्यासकट. म्हातारा दिवसातून चार वेळा त्या रस्त्यानं जायचा आणि प्रत्येक वेळी नव्यानं दचकायचा.

मल्लम्मानं ठरवलं होतं नापास व्हायचं. गाव नापास झालं की चौकी वाचली. तिनं सगळ्या प्रश्नांना डोळे मिटून "ड" सांगितलं. पण सरांनी पेपर काढताना अवघड प्रश्नांची उत्तरं नेमकी ड मध्ये घातली होती. फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात मल्लम्माचाही फोटो आला, 'उत्तेजनार्थ'.

"अक्का, मुबारक हो," जिलानी दारात येऊन म्हणाला.

"तुमच्या तोंडात माती पडो मिस्त्री. नापास होणंबी नशिबात लागतं का काय?"

जिलानी मिस्त्रीच्या सात पिढ्या बांधकामात. कालवा बांधला त्यातही त्याचा आजा होता म्हणतात. त्याला सध्या मरायला सवड नव्हती. डाकबंगला तर त्यानं उभा केला, पण नवा बंगला नवाच दिसत होता. सरांनी फर्मान काढलं होतं की तो जुना दिसला पाहिजे. म्हणून मिस्त्री भिंतींना चहाचं पाणी मारत होता, आणि शेवाळ धरावं म्हणून वर ताक शिंपडत होता. गावात ताक मिळेनासं झालं.

"माज्या कढीला वाटीभर ताक न्हाई," त्याची बायको फरीदा मल्लम्माला सांगायची, "अन् बंगल्याला दोन दोन घागरी. म्या म्हणलं, एवढंच हाय तर वर धर्माबादच्या मिरचीची फोडणी देऊन टाका, बंगल्याचीच कढी होऊ द्या!"

त्या कढीवरून मल्लम्माच्या डोक्यात उजेड पडला. नवं जर जुनं करता येतं, तर जुनं नवं का करता येऊ नये?

"मिस्त्री," ती म्हणाली, "आमची चौकी नवी करून द्या."

"मतलब?"

"मतलब कुणी बघितलं तर म्हणलं पायजे, ही परवाच्या दिवाळीला बांधली. हिच्यात काय बघायचं, चला म्होरं."

जिलानीनं डोकं खाजवलं. "अक्का, सर मला बंगल्यावरून हाकलून देतील."

"त्या रातीला पत्त्यात एक्का तुमच्या बाहीत होता, हे म्या आजवर ह्यांना सांगितलं न्हाई."

बसवंत आतून म्हणाला, "कोणता एक्का?"

"कायी न्हाई, कायी न्हाई," जिलानी घाईनं म्हणाला. "उद्यापासून लागतो कामाला."

तेव्हापासून जिलानीचा दिवस दोन तुकड्यांत गेला. सकाळी तो बंगल्यावर नवं जुनं करायचा आणि दुपारी चौकीवर जुनं नवं. कधी कधी चुकून चहाचं पाणी चौकीवर यायचं आणि रंगाचा ब्रश बंगल्यावर. किल्लारीच्या दुकानातून न्हाणीघराच्या फरश्या आल्या, गुलाबी, प्रत्येकीवर एक गुलाबाचं फूल. त्या चौकीला बाहेरून कमरेइतक्या बसल्या. वर पोपटी रंग. खिडक्यांना चॉकलेटी. दारावर 'शिवपार्वती निवास' अशी पाटी. आतल्या भिंतींनाही गिलावा झाला. फक्त छताला मल्लम्मानं हात लावू दिला नाही.

"वरचं राहू द्या. वर कोण बघतंय?" ती म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर मल्लम्माला त्या फरश्या आवडायला लागल्या. दगडी भिंतीत तिनं इतकी वर्षं माती झाडली होती. फरशीवर ओलं फडकं फिरवलं की चेहरा दिसायचा. सकाळ-संध्याकाळ ती फडकं फिरवायची. बसवंत मात्र बाहेरून आला की दारात थबकायचा.

"काय झालं?"

"दुसऱ्याच्या घरात शिरल्यावाणी वाटतं."

सरांना हे कळलं ते पाहणीच्या आदल्या दिवशी. ते आले, गाडीतून अर्धे उतरले आणि तसेच थांबले.

"हे... हे काय आहे?"

"घर हाय," मल्लम्मा म्हणाली.

"अहो, हे आपल्या पेपरातलं सर्वांत जास्त गुणांचं बांधकाम होतं!" सरांचा आवाज रडवेला झाला. "जिलानी! कुठं आहे जिलानी?"

जिलानी बंगल्याच्या छतावर ताक शिंपडत होता आणि त्याला एकाएकी काहीच ऐकू येत नव्हतं. फरश्या उपटायला वेळ नव्हता. सरांनी ठरवलं की समितीला चौकीकडं न्यायचंच नाही.

समिती म्हणजे दोनच माणसं निघाली. पाटबंधारे खात्याचे एक साहेब, ज्यांना गाडीचा एसी सोडवत नव्हता, आणि औरंगाबादहून आलेल्या नाझनीन मॅडम. मॅडम माहेरच्या नांदेडच्या. जुनी बांधकामं बघण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. पायात कापडी बूट, हातात छोटा टॉर्च. सत्काराचा नारळ त्यांनी काखेत धरला आणि थेट डाकबंगल्याकडं निघाल्या.

बंगल्याची भिंत तीन मांजरं चाटत होती.

मॅडमनी मांजरांकडं बघितलं. भिंतीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "आंबट वास कशाचा येतो?"

"इतिहासाचा," सर म्हणाले. घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुढं बसवलेल्या सिद्रामप्पाला नमस्कार केला. "बाबा, तुम्ही गावातले सगळ्यांत वडीलधारे ना? हा बंगला कधी बांधला, काही सांगाल?"

सिद्रामप्पानं डोळे मिटले. "क."

"काय म्हणालात?"

"क," म्हातारा ठामपणे म्हणाला. मग जरा भ्यायला. "का ब हाय? चुकलं तर कापणार का तुमी?"

"कालवा कुणी खोदला, मावशी?" मॅडमनी पार्वतीबाईंना विचारलं. पार्वतीबाई सराव परीक्षेत दुसऱ्या आल्या होत्या.

"वरीलपैकी सर्व," पार्वतीबाई म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

मग मॅडमनी जो भेटेल त्याला विचारलं. गाव अ, ब, क, ड म्हणत सुटलं. एकजण तर विचारायच्या आधीच "ड" म्हणाला. सरांच्या कपाळावरून घाम निथळत होता. साहेब पहिल्यांदाच गाडीतून खाली उतरले, गंमत बघायला.

पुलाच्या कमानींवर मॅडमनी टॉर्च मारला. "ह्या दोन नव्या चढवल्यात. काम चांगलं आहे, पण सिमेंट आहे." मग त्या पुलावर उभ्या राहून लांब बघायला लागल्या. उन्हात कालव्यावर काहीतरी पोपटी चमकत होतं.

"ते काय आहे?"

"ते काही नाही, मॅडम. खाजगी घर. नवीन. चला, पोहे तयार आहेत."

"कालव्याच्या दरवाजावर खाजगी घर?" म्हणत मॅडम बांधावरून चालायला लागल्या. सर मागं, साहेब त्यांच्या मागं, त्यामागं गाव.

मल्लम्मा दारात उभी होती. डोक्यावर पदर, हातात फडकं.

"बाई, हे घर कधी बांधलं?"

"नवीन हाय. परवाच्या दिवाळीला बांधलं." मल्लम्मानं आठवडाभर घोकलेलं वाक्य एका दमात सांगितलं. "ह्याच्यात बघायसारखं कायी न्हाई. फरश्या किल्लारीच्या हायत."

मॅडमनी खिडकीत हात घातला. कोपर आत गेलं तरी भिंत संपेना. त्या मल्लम्माकडं बघत राहिल्या आणि मल्लम्मा कालव्याकडं.

"दिवाळीला बांधलेल्या घराला एवढी जाड भिंत?"

"थंडी लई असती इकडं."

जिलानी गर्दीत कुणाच्या तरी मागं वाकला होता. मॅडम चौकट ओलांडून आत गेल्या आणि टॉर्च वर मारला. वर पातळ विटांची कमान होती, चुन्यात बांधलेली, टोपलीच्या विणीसारखी. आत शिरलेली सगळी माणसं वर बघायला लागली. गावानं आजवर त्या छताकडं कधी बघितलं नव्हतं. त्यांना तिथं फक्त पत्ते खेळणारा बसवंत माहीत होता.

"सगळं लिंपलंत, रंगवलंत," मॅडम हळू म्हणाल्या. "हे कसं सोडलं?"

"त्याला कसा हात लावू दीन?" मल्लम्मा तडकून म्हणाली. "ते हललं न्हाई त्या टायमाला!"

बोलून गेली आणि मग तिला कळलं, की दिवाळी गेली, फरश्या गेल्या, सगळं गेलं. ती मटकन उंबऱ्यावर बसली. मॅडम तिच्या शेजारी बसल्या. कुणी काही विचारलं नाही तरी मल्लम्मानं सांगितलं. सासूचं सांगितलं. पत्र्याच्या शेडचं, उदगीरच्या अंगणाचं, पार्किंगचं. "माय, लेक वाईट न्हाई माजा. सून तर लई गुणाची. पर तिथं डोळा लागत न्हाई. माणसाला खायला मिळालं, ल्यायला मिळालं, अन् झोपच न्हाई मिळाली तर ते जगणं काय करायचं?"

गंमत बघत आलेल्या साहेबांना आता कर्तव्य आठवलं. "पण तुम्ही इथं राहता कुणाच्या परवानगीनं? ही तर खात्याची इमारत आहे. आम्हाला कल्पनाच नव्हती."

सर लगेच पुढं सरले. "आठ दिवसांत खाली करून घेतो, साहेब. फरश्याही उपटतो."

बसवंत गर्दीतून पुढं आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मान डोलवली नाही. "खाली न्हाई करणार."

"काय?"

"न्हाई म्हणलं म्या," बसवंत म्हणाला आणि स्वतःच दचकून बायकोकडं बघायला लागला. मल्लम्माही त्याच्याकडं बघतच राहिली. मग तो दरवाजाच्या चाकाकडं गेला आणि सवयीनं फिरवायला लागला. लोखंडी दरवाजा आवाज न करता वर आला.

मॅडम उठून तिकडं गेल्या. चाकावर हात ठेवला, बोटाला लागलेलं ग्रीस बघितलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

"साहेब, मी सरळ सांगते. डाकबंगला मागच्या वर्षीचा आहे. ते मला मांजरांनी सांगितलं. कचेरीचा नुसता ओटा आहे. हे गाव ह्या परीक्षेत बसत नाही. ही एकच वास्तू खरी आहे, आणि ती टिकली ती आत माणूस राहतो म्हणून. मी कुलूप लावलेल्या चौक्या पुष्कळ बघितल्यात. वर्षात वटवाघळं येतात आणि दोन वर्षांत दारुडे. ह्या दोघांना इथले राखणदार म्हणून राहू द्या. मी तसं लिहून देते, तुम्ही सही करा."

साहेब म्हणाले, वरती विचारावं लागेल. मॅडम म्हणाल्या, विचारा. साहेबांनी गाडीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि म्हणाले, बरं, वरती मीच सांगतो.

"पण बाई," मॅडम मल्लम्माकडं वळल्या, "हे फरश्यांचं आणि पोपटी रंगाचं सगळं काढावं लागेल."

मल्लम्माचा चेहरा पडला. "फरश्या राहू द्या की माय. पुसायला लई सोप्या पडतात."

"नाही."

"निदान मागच्या बाजूच्या? तिकडं कोण येतंय?"

"मी येईन."

"मंग न्हाणीतल्या तरी?"

मॅडमनी विचार केला. "न्हाणीतल्या ठेवा."

"अन् पाटी?"

"अक्का, बस करा," जिलानी गर्दीतून म्हणाला, "न्हाई तर मॅडम न्हाणीबी काढून नेतील."

महिनाभर जिलानी तेव्हा दुपारी लावलेलं आता सकाळी काढत होता. सरांनी हार मानली नाही. लातुरात फ्लेक्स लागला, 'नहरगावची चौकी पाहणीत पहिली, मार्गदर्शक प्रा. शेषेराव सर', आणि खाली मल्लम्माचा तोच उत्तेजनार्थवाला फोटो. पण बोलल्याप्रमाणं त्यांनी रविवारी पोरं मात्र आणली. पहिल्या सहलीत शिवानीही होती. पोरं उतरली, डाकबंगल्यापुढं मांजरांबरोबर फोटो काढले, आणि चौकीत आली. सर छताविषयी सांगायला लागले. कमान, वजन, दाब, सगळं फिजिक्स. पाच मिनिटांनी त्यांनी मागं बघितलं, तर भिंतीला टेकून अर्धी पोरं झोपलेली. पहाटे चारला उठून रात्री बाराला निजणारी ती पोरं. गार दगड लागला आणि कलंडली. शिवानी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होती.

"उठा! उठा!" सरांनी टाळ्या वाजवल्या. "सहल वाया चाललीय!"

"सर, बाहेर व्हा," मल्लम्मा हळू आवाजात म्हणाली. "बोलायचं तर तिकडं पुलावर जाऊन बोला."

"आज्जी, ह्यांचा अभ्यासक्रम—"

"आमच्या चौकीत झोप येवढाच अभ्यासक्रम हाय."

सर पुलावर गेले. तिथं सिद्रामप्पा बसला होता. परीक्षा संपल्यामुळं त्याला सगळं परत आठवायला लागलं होतं, आणि तो त्यांना मडमेच्या विंचवाची गोष्ट संध्याकाळपर्यंत सांगत राहिला. दर रविवारी मग पोरं येऊन झोपून जायची. रुद्रेश एकदा आईला न्यायला म्हणून आला, दुपारी जरा टेकतो म्हणाला, आणि अंधार पडल्यावर उठला. त्यानं फ्लॅटचा विषय पुन्हा काढला नाही.

बसवंत २०१४ च्या वैशाखात छातीत कळ येऊन लातूरच्या दवाखान्यात वारला. जिलानी मिस्त्री त्याच्या मागोमाग, पुढच्या रमजानच्या आधी. मल्लम्मा २०१९ साली मार्गशीर्षात, सोमवारी पहाटे, चौकीत झोपेत वारली. रीतीप्रमाणं तिला बसवून समाधी दिली, कालव्याच्या पलीकडच्या रानात, बसवंतच्या शेजारी.